ठेका कुणाचा

शेंगापोळी करपल्याचा वास आला तसं यशोदेनं जावेच्या हातातलं उलथनं काढून घेतलं.

"सरक बाजूला. आज तुझं चित्त ठिकाणावर नाही."

अनसूया चुलीपासून सरकली आणि भिंतीला टेकून बसली. बाहेर ओसरीवर हसणंखिदळणं चाललं होतं. काल शहरातल्या शाळांच्या यंत्रप्रदर्शनात यशोदेच्या कमलाकरला पहिलं बक्षीस मिळालं होतं, चांदीचा बिल्ला. सकाळपासून पेठेतली माणसं येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून जात होती आणि प्रत्येकाला ते यंत्र पाहायचं होतं. ओसरीच्या कोपऱ्यात ते ठेवलं होतं. गिरणीच्या भंगारातून आणलेलं दातेरी चाक, त्याला जोडलेला सागवानी लाकडाचा गोल रूळ, रुळावर ठोकलेल्या खुंट्या. दांडा फिरवला की खुंट्या हातोड्या उचलायच्या आणि सोडायच्या, आणि पुढं बसवलेले घरातले दोन जुने नगारे आपोआप वाजायचे. थेट सोनेश्वराच्या आरतीचा ठेका.

तो आताही कुणीतरी वाजवून पाहिला. अनसूयेनं कान टवकारले.

"अक्का, ह्यो माजा ठेका हाय," ती म्हणाली. "तिसऱ्या आवर्तनाला मी जरा थांबते की न्हाय, त्ये बी उचललंय पोरानं. कातडं शेकायला निखारे घिऊन वर यायचा आन् बसून बोटं मोजायचा. मला वाटलं, शिकायलाय."

"हळू बोल, ओसरीवर ऐकू जाईल," यशोदा म्हणाली.

ओसरीवर ऐकू जाऊ नये अशी गोष्ट या घरात एकच होती. सोनेश्वराच्या देवळात नगारा वाजवायची सेवा या गुरवांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. थोरला चिंतामणी, यशोदेचा नवरा, शिकून शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला तेव्हा ती धाकट्या वेणीमाधवकडे आली. गेल्या दिवाळीत वेणीमाधव नगारखान्याच्या जिन्यावरून पडला आणि त्याचा उजवा खांदा कायमचा आखडला. हात छातीच्या वर जाईना. देवळाच्या पंचांना कळलं तर सेवा दुसऱ्या घराला जाईल, या भीतीनं त्यानं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची बायको अनसूया दिव्याचं तेल घेऊन त्याच्यामागं जिना चढली, तिनं खिडकी लावून घेतली आणि टिपऱ्या हातात घेतल्या. अनसूया वळसंगची. तिचे वडील तिथल्या देवळात नगारा वाजवत आणि पोरगी म्हणून त्यांनी तिला कधी लांब बसवलं नव्हतं. तेव्हापासून रोज पहाटे आणि सांजेला तीच वाजवत होती. वेणीमाधव नुसता दाराशी बसून राही. हे वेणीमाधवला, यशोदेला आणि निखारे पोचवणाऱ्या कमलाकरला ठाऊक होतं. चिंतामणीला नव्हतं. तो सरळ रेषेचा माणूस, कळतं तर त्यानं स्वतः जाऊन पंचांना सांगितलं असतं.

"अक्का, आता त्ये यंत्र कुटं ठेवणार?"

"ठेवतील शाळेत. बिल्ला मिळाला, संपलं."

"संपलं न्हाय," अनसूया म्हणाली. "माजं मन सांगतंय."

*

देवळाचे सरपंच सिद्रामप्पा दुपारच्या जेवणाआधी आले. सुताचे मोठे व्यापारी, अंगात लांब कोट, मागं नारळ आणि फेटा घेतलेला गडी. चिंतामणी लगबगीनं उठला. सिद्रामप्पांनी स्वतः होऊन या ओसरीवर पाऊल ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

"मास्तर, पोरानं गावाचं नाव काढलं की हो! काल गिरणीचा इंजिनीयर स्वतः दांडा फिरवत होता म्हणे?"

"फिरवला. दोनदा फिरवला," चिंतामणी म्हणाला. आवाज साधा ठेवायचा त्यानं खूप प्रयत्न केला, पण जमलं नाही. या मुलाला कंपास धरायला त्यानंच शिकवलं होतं. नगारखान्यातून बाहेर पडल्याबद्दल वडील मरेपर्यंत त्याला बोल लावत राहिले. आज त्याच्या ड्रॉइंगच्या कागदातून नगारा निघाला होता. वडील असते तर, असं सकाळपासून त्याच्या मनात येत होतं.

सिद्रामप्पांनी कमलाकरच्या डोक्यावर फेटा बांधला, दांडा फिरवून पाहिला आणि लहान मुलासारखे हसले.

"बरोब्बर! डोळे मिटले तर वाटतं, वेणीमाधवच बसलाय. मास्तर, उद्या पहिला श्रावणी सोमवार. आम्ही पंचांनी ठरवलंय, यंत्र देवळात बसवायचं. आज आरतीला चाचणी, उद्या पहाटेपासून कायमचं. एवढ्या पंचक्रोशीत कुठल्या देवळात नाही असं!"

"दांडा कोण फिरवणार?" कमलाकरनं विचारलं.

"पहारेकरी फिरवील. त्यात काय अवघड आहे? तूच म्हणालास ना प्रदर्शनात, शेंबडं पोरही वाजवू शकतं म्हणून?"

तसं कमलाकर म्हणाला होता खरा.

"आणि सेवा?" चिंतामणीनं विचारलं.

"सेवा तुमच्याच घराची. मान, नैवेद्य, सगळं आहे तसं. वेणीमाधवला तेवढा आराम. काय वेणीमाधव?"

वेणीमाधव खांबाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा एकदम सैल पडलेला चिंतामणीला दिसला. अंगावरचं ओझं कुणीतरी अचानक उतरवून घेतल्यासारखा.

"माझी काही हरकत नाही," तो म्हणाला. "खुशाल न्या."

"माजी हाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. माजघराच्या उंबऱ्यात अनसूया उभी होती. डोक्यावर पदर होता, पण मान खाली नव्हती. लग्न होऊन आल्यापासून ती परक्या पुरुषासमोर बोललेली चिंतामणीनं ऐकली नव्हती. त्याच्याशीही ती दाराआडून बोलायची.

"काय म्हणतात या?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"हरकत. माजी हरकत हाय. यंत्र देवळात जायचं न्हाय."

"अनसूया!" चिंतामणी ओरडला.

सिद्रामप्पा हसले. "अहो, नवऱ्याची सेवा काढून घेत नाही आम्ही. घाबरू नका. तुमची काय हरकत असणार त्यात?"

अनसूयेनं नवऱ्याकडं पाहिलं. वेणीमाधवनं नजर खाली घातली. ती वळली आणि आत गेली. यशोदा पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली, पण तिनं ते सिद्रामप्पांच्या पुढं असे ठेवले की पाणी कोटावर उडालं.

*

अनसूया परसात, धुण्याच्या दगडावर बसली होती. वेणीमाधव जवळ गेला, पण बसला नाही.

"सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?"

"तुमाला द्यायची काय गरज हुती? मला इचारलं का?"

"तुझ्याचसाठी दिलं!" तो दबक्या आवाजात म्हणाला. "रोज पहाटे त्या दाराशी बसतो तेव्हा जीव गळ्याशी येतो माझा. जिना वाजला की वाटतं, आलं कुणी. पकडलं तर तुझी काय शोभा होईल? देवानं वाट दाखवली. मान राहिला, घास राहिला, भीती गेली. अजून काय पाहिजे?"

"भ्या तुमाला वाटतं. मला न्हाय."

"दमत नाहीस तू? अंधारात उठायचं, परत येऊन भाकऱ्या..."

"भाकऱ्या थापताना दमते. पाणी भरताना दमते. ह्या दगडावर तुमच्या समद्यांची धोतरं आपटताना दमते. तितं न्हाय दमत." तिचा आवाज चढला. "त्येवढं सोडून समदं काम ठिवलंत मला. आन् त्येवढंच काढून घेतलंत. वर म्हंता, आराम."

इतके महिने वेणीमाधव तिच्याकडं पाठ करून बसला होता. दाराकडं तोंड, कान जिन्याकडं. वाजवताना तिचा चेहरा कसा दिसतो हे आपण एकदाही पाहिलेलं नाही, हे त्याला आता कळलं.

"काकू."

कमलाकर विहिरीजवळ उभा होता. फेटा त्यानं काढून काखेत धरला होता.

"मी ते तुझ्यासाठी केलं. हाताला घट्टे पडलेत तुझ्या, ते बघून. मला वाटलं, तुला सुटका मिळेल."

"ठावं हाय रं मला. वाईट न्हाय केलंस. लई ग्वाड वाजतंय तुजं यंत्र."

"मग?"

"मग काय? बोटं मोजलीस, घट्टे मोजलेस. काकू, तुला काय पाहिजे, इचारलंस का? इचारलं असतंस तर सांगितलं असतं. पावसाळी हवंनं कातडं ढिलं पडतंय, घडीघडी निखाऱ्यावर शेकावं लागतंय. त्येला कायतरी कळ बसव म्हून. हात माजा ऱ्हाऊ द्यायचास की."

कमलाकरला प्रदर्शनाचा कालचा मांडव आठवला. गिरणीच्या इंजिनीयरनं दांडा सोडून विचारलं होतं, चाकाची रचना कळली, पण हा ताल कुणाचा? त्याच्या वहीत निर्मात्याच्या नावाखाली ते लिहायचं होतं. आणि कमलाकर न अडखळता म्हणाला होता, माझ्या काकांचा. टाळ्या पडल्या होत्या. त्यालाही तेव्हा ते खोटं वाटलं नव्हतं. घरात सगळे तसंच म्हणत.

"काकू, आज आरतीला येशील?"

"येनार की. बघू दे, माज्याबिगर कसं वाजतंय."

*

संध्याकाळी देवळाचं पटांगण भरून गेलं. यंत्र सभामंडपाच्या पायरीवर ठेवलं होतं आणि त्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. आरती सुरू झाली. कमलाकरनं दांडा फिरवला. एक ठोका चुकला नाही. हातोड्या उठत होत्या, पडत होत्या. पोरं चाकाकडं बघून ओरडत होती. म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. आरती संपली तेव्हा टाळ्याही पडल्या, देवळात टाळ्या वाजवायच्या नसतात हे विसरून.

सिद्रामप्पांनी कमलाकरचा हात धरून त्याला वरच्या पायरीवर घेतलं. "बोल बाळ, चार शब्द. हे कसं सुचलं ते सांग लोकांना."

कमलाकरनं बायकांच्या गर्दीकडं पाहिलं. अनसूया खांबाशी उभी होती, शेजारी त्याची आई.

"काकू," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सांगू?"

गर्दी वळली. वेणीमाधवनं डोळे मिटले. अनसूयेनं पदर सावरला.

"सांग की," ती म्हणाली.

"काल प्रदर्शनात मला विचारलं, ताल कुणाचा. मी म्हणालो, काकांचा. खोटं बोललो. चाक माझं आहे. ताल माझ्या काकूचा आहे. दिवाळीपासून नगारखान्यात तीच वाजवते. तुम्ही रोज ऐकता ते तिचंच."

एकच गलका झाला. सिद्रामप्पांचा चेहरा लाल झाला.

"वेणीमाधव! खरं आहे हे?"

वेणीमाधवनं डोळे उघडले. नाही म्हटलं असतं तर पोरगा खोटा पडला असता आणि सगळं मिटलं असतं. तो पुढं आला. उजवा हात उचलायचा त्यानं सगळ्यांसमोर प्रयत्न केला. तो छातीशीच अडला.

"हा हात बघा. यानं नगारा वाजेल का? खरं आहे ते."

"बाईमाणूस नगारखान्यात! आणि इतके महिने आम्हाला फसवलंत?"

"फसवलं कसलं?" अनसूया खांबापासून पुढं आली. बायकांनी आपोआप वाट दिली. "रोज ऐकत हुता न्हवं? देवाला चाललं. ऐकू येत हुतं तवर तुमाला बी चाललं. आता दिसलं, म्हून चालंना व्हय?"

मागच्या बायकांत कुणीतरी फस्सकन हसलं. सिद्रामप्पांना ते लागलं.

"बास. ही सेवा आजपासून बंद. नगारखान्याला कुलूप लागेल. यंत्र आहे, ते वाजेल."

"यंत्र माझं आहे," कमलाकर म्हणाला.

"देवाला वाहिलंय ते!"

"मी नाही वाहिलं. मला कुणी विचारलंच नाही."

सिद्रामप्पा चिंतामणीकडं वळले. "मास्तर, तुम्ही शहाणे. आवरा तुमच्या माणसांना."

चिंतामणी गर्दीच्या मधोमध उभा होता. त्याचे कान तापले होते. बायको, भाऊ, भावजय, पोटचा पोरगा, सगळ्यांनी मिळून त्याला वेड्यात काढलं होतं. त्याच्या घरात घडलेली गोष्ट त्याला पटांगणातल्या भाजीवाल्यांबरोबर कळत होती. त्यानं अनसूयेकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच पाहत होती, दाराआडून नव्हे, सरळ. यंत्र वाहून आणलेल्या हमालाला त्यानं खूण केली.

"उचल रे ते. माळा काढ आधी. घरी न्यायचंय."

*

घरी आल्यावर मात्र तो भडकला. "मला कुणी सांगितलं नाही! एकानंसुद्धा!"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?" यशोदेनं विचारलं.

तो उत्तर द्यायला वळला आणि थांबला. पंचांना सांगितलं असतं, हे खरं उत्तर त्याला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. तो पाटावर बसला. सकाळच्या शेंगापोळ्या कुणी खाल्ल्याच नव्हत्या. यशोदेनं सगळ्यांना वाढलं, अनसूयेला आधी. मग चिंतामणीच्या ताटात वाढत ती म्हणाली, "उद्या सोमवार. पहाटे नगारा वाजला नाही तर या घराण्यात पहिल्यांदा असं होईल."

"कुलूप लावतील ते," वेणीमाधव म्हणाला.

"लावू द्या," अनसूया म्हणाली.

चिंतामणीनं पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तसाच हातात धरला.

"देवळाचं आवार पंचांच्या ताब्यात आहे," तो सावकाश म्हणाला. वर्गात पोरांना भूमिती समजावताना तो असाच बोलायचा. "महाद्वार त्यांचं, जिना त्यांचा. महाद्वारासमोरचा रस्ता म्युनिसिपालिटीचा आहे."

कमलाकर अर्ध्या जेवणावरून उठला. पान्हा घेऊन तो यंत्राशी बसला आणि त्यानं बोल्ट सैल करायला सुरुवात केली. नगारे चौकटीतून सुटे झाले तेव्हा पहिलं बक्षीस मिळालेलं यंत्र अगदी केविलवाणं दिसायला लागलं. नुसत्या हातोड्या हवेत. त्याला हसू आलं.

*

गिरणीचा पहिला भोंगा झाला तेव्हा ते घरातून निघाले. मोठा नगारा चिंतामणी आणि कमलाकरनं मधे धरला होता, धाकटा वेणीमाधवनं डाव्या खांद्यावर घेतला होता. यशोदेच्या हातात घोंगडी. पहाटेच्या नगाऱ्याला यशोदा देवळाकडं कधी गेली नव्हती, ती वेळ चूल पेटवायची असे.

नगारखान्याच्या दाराला पितळी कुलूप लटकत होतं. महाद्वारात सिद्रामप्पा स्वतः उभे होते, मागं पहारेकरी. अभिषेकाला आलेल्या बायका तांबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. यशोदेनं रस्त्याच्या कडेला घोंगडी अंथरली. अनसूया घोंगडीवर बसली, नगारे पुढं ओढले, बोटानं कातडं दाबून पाहिलं.

"इथं वाजवायचं नाही," सिद्रामप्पा म्हणाले.

चिंतामणीनं घसा साफ केला. रात्रभर त्यानं ते वाक्य मनात घोळवलं होतं आणि आता ते जरा मोठ्यानंच बाहेर पडलं.

"रस्ता म्युनिसिपालिटीचा आहे, अप्पा. हरकत असेल तर कचेरी उघडल्यावर अर्ज करा."

"मास्तर, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

वेणीमाधव बायकोच्या शेजारी बसला. देवळाच्या दाराकडं त्याची पाठ होती. कोण येतंय, कोण बघतंय, इकडं त्यानं लक्ष दिलं नाही. तो तिच्या तोंडाकडं पाहत राहिला.

अनसूयेनं टिपऱ्या उचलल्या. पहिला ठोका उघड्या रस्त्यावर असा पडला की समोरच्या माडीवरची खिडकी उघडली. मग शेजारची. बंद खोलीतून इतके महिने दबून येणारा आवाज आज सगळ्या पेठेत पसरत गेला. गिरणीकडं निघालेले कामगार डबे हातात धरून थांबले. बायकांची रांग मोडली आणि घोंगडीभोवती गोळा झाली. तिसऱ्या आवर्तनाला अनसूया थांबली, जरा जास्तच वेळ, आणि सिद्रामप्पांकडं बघत पुन्हा सुरू झाली.

"अप्पा, उठवू का त्यांना?" पहारेकऱ्यानं विचारलं.

सिद्रामप्पांनी गर्दीकडं पाहिलं. ती वाढतच होती. ते आत निघून गेले.

कुलूप दुसऱ्या सोमवारी तसंच होतं, तिसऱ्यालाही. पंचांच्या बैठका होत राहिल्या, निरोप येत राहिले, अर्जही झाला. श्रावण संपला तरी कुलूप निघालं नाही. अनसूयाही रस्त्यावरून उठली नाही.